हिच्यासाठी केलेलं बाथरूम

४ जून
आजपासून रोजनिशी. विषय एकच, बाथरूम.
ही हॉस्पिटलातून घरी आली. उजवी बाजू गेली आहे. हात लोंबतो, पाय ओढत चालते, बोलणं तुटक. अंघोळ लेक घालते, ती नसेल तेव्हा मी. आज मी पाणी घालत असताना ही डोळे गच्च मिटून बसली होती. मग बराच वेळ शब्द जुळवत म्हणाली, मला दार लावून अंघोळ करायचीय. एकटीने.
एवढंच ना? उभी हयात कारखान्यात मेंटेनन्सला काढली. महिनाअखेर ही दार लावून अंघोळ करणार. लिहून ठेवतो.

६ जून
लेकीने मोबाइलवर अंघोळीच्या खुर्च्या दाखवल्या. पाठवाली, हातवाली, भोकं पडलेली. सगळं प्लास्टिक. म्हटलं, बाप धडधाकट असताना बाजारात कशाला जायचं. तर म्हणाली, बाबा, निदान आईला विचारा, तिला काय जमतं ते.
विचारायचं काय त्यात? एवढा संसार केला, हिच्या मनातलं मला हिच्याआधी कळतं. शिवाय हिचं वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागतो. मीच पूर्ण करून टाकतो.

९ जून
स्टूल तयार. सागवानी, वर वॉर्निश, पायांना रबर. कपड्यांसकट बसून पाहिलं. झकास.
हिला बसवलं. हिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. होईल सवय.

१२ जून
स्टीलचा दांडा बसवला. स्टूलवर बसलो, सहज जिथे हात गेला तिथे पेन्सिलने खूण केली आणि भिंतीत बोल्ट ठोकले. नंतर स्वतः लोंबकळून पाहिलं. तसूभर हलला नाही. दांड्याशेजारी बेल, अडचण आलीच तर दाबायला.
ही दारात उभी होती. हा हात, हा हात, असं काहीतरी सांगू लागली. म्हटलं, हो, हात धरायलाच तर आहे तो. मान हलवून आत गेली. खूश असावी.

१५ जून
पाठ घासायला लांब दांड्याचा ब्रश. शाम्पूच्या बाटलीला फिरकीचं घट्ट झाकण, थेंब सांडणार नाही. आणि दोन कानांचा मग, दोन्ही हातांनी भक्कम धरता येईल असा. बाजारात मिळणार नाही असला मग.

१९ जून
फिजिओवाली आली होती. कालची पोर, पण नाकाने कांदे सोलते. बाथरूम बघून म्हणाली, काका, दांडा उजवीकडे लावलात, काकूंचा जोर सगळा डावीकडे.
मग म्हटलं, मुद्दामच. दुबळ्या हाताला काम पडलं तरच सुधारेल. ती म्हणाली, तो व्यायाम आपण पलंगावर करू, ओल्या फरशीवर नको. डावीकडे दांडा लावा, आणि तोवर काकूंना एकटीने आत सोडू नका.
लावतो. चुकलं म्हणून नव्हे. जोडी बरी दिसेल.

२४ जून
दुसरा दांडा अजून नाही. डाव्या भिंतीतून पाण्याचा पाइप गेलाय, नीट अभ्यास करावा लागेल. घाईचं काम मी आयुष्यात केलेलं नाही.
तोवर दाराला आतून नवी कडी लावली. हिला दाखवली तर हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. हसू वाकडं, पण हसूच. मला भरून आलं. आता मागे हटणं नाही.

२८ जून, सकाळी
ठरल्याप्रमाणे. हिने डाव्या हाताने आतून कडी लावली. आवाज ऐकला. मी बाहेर पॅसेजमध्ये. नुसतं काय बसायचं, म्हणून दुसऱ्या दांड्याच्या पट्टीला भोकं पाडायला घेतोय.

२८ जून, संध्याकाळी
पडली. खुब्याचं हाड.
ड्रिल चालू होतं म्हणून हाका ऐकू आल्या नाहीत. बेल वाजली नाही. बेलमध्ये दोष नाही, मी तपासली.
हाका ऐकून समोरचे मास्तर धावत आले, त्यांनी खांद्याने दार तोडलं. कडी जागची हलली नाही, चौकटीचं लाकूड फाटलं. हिच्या अंगावर काही टाकायचं भान मला राहिलं नाही. मास्तरांनीच तोंड फिरवून स्वतःचा शर्ट काढून दिला. ही त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही.

१० जुलै
ऑपरेशन झालं. लेकीने हिला परस्पर स्वतःच्या घरी नेलं. म्हणाली, थोडे दिवस. बरोबरच आहे. तेवढ्यात डावा दांडा होऊन जाईल.

३० सप्टेंबर
लेकीचा फोन. आईने आज दार लावून एकटीने अंघोळ केली म्हणे. बाजारातली खुर्ची, डावीकडे दांडा, वरून दाबायची शाम्पूची बाटली. म्हटलं, पाया आपल्याकडेच घातला गेला.
हिला फोन द्यायला सांगितलं. हिने वाक्य सुरू केलं आणि अडकली. या खेपेला मी पूर्ण केलं नाही. थांबलो. बऱ्याच वेळाने म्हणाली, मी आता इथेच राहते.
म्हटलं, बरं.

७ ऑक्टोबर
गुडघा धरलाय. उभ्याने अंघोळ जमेना, म्हणून हिच्या स्टूलवर बसलो. पाय पुरते टेकतात. दोन कानांचा मग, ब्रश, बेल, सगळं बरोबर हाताशी येतं.
अंगाला साबण लावून झाल्यावर उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हाताने दांडा धरायला गेलो. पोचत नाही. शाम्पूचं झाकण उघडेना. बेलसाठी वळलो तर स्टूलवरून घसरायला लागलो. फार भीती वाटली.
मग उजवा हात मोकळा केला, दांडा धरला आणि उठलो.