बाबांच्या गळकाठीबाबत शेवटचा खुलासा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय जुन्या बांबूच्या गळकाठ्या दुरुस्त करणे आणि उरलेल्या वेळात त्याच काठ्यांनी मासे न पकडणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ते कागदावर घ्यायची गरज नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. हे सगळे लिहिण्याचे खरे कारण चौथ्या कलमात आहे. पहिली तीन कलमे धीर गोळा करण्यासाठी आहेत.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोला. न्हाणीघराचा मुद्दाम उल्लेख करतो. घरात धूळ नसलेली तेवढी एकच खोली, म्हणून वॉर्निश लावलेल्या काठ्या मी तिथेच टांगल्या, आणि त्या वाळेपर्यंत बिचारी बत्तीस वर्षे बादली घेऊन शेजारणीकडे आंघोळीला गेली. त्यावरून तिने मला जे काही ऐकवले ते रास्तच होते. आता दार लावून हवी तितकी वाफ करावी.

कलम २. हत्यारे मुलीला: लहान रंधा, कानशी, रेशमी दोऱ्याची रिळे आणि स्पिरिटचा दिवा. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तोंडावर कधी बोललो नाही, नाहीतर ती माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागली असती. जावयाने हत्यारांना हात लावू नये. त्याने त्या रंध्याने एकदा संडासाचे दार तासले होते.

कलम ३. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना काडेपेटीतला पांढरा खडा. स्वतःच्या आजोबांची मोडलेली काठी त्यांनी कवळीच्या सिमेंटने जोडली आणि मग माझ्याकडे आणून विचारले, "जरा पॉलिश तेवढं करून द्याल का?" ते सिमेंट खरवडायला मला अकरा दिवस लागले; खडा त्याचाच. खड्यासोबत निरोप द्यावा की, मी माझा दात कधी सरसाने चिकटवला नाही.

कलम ४. बाबांची काठी धाकट्या भावाला. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

अशी काठी म्हणजे अख्खा बांबू नव्हे. बांबूच्या सहा बारीक पट्ट्या तासून सरसाने एकमेकींना चिकटवतात. दोरीच्या टोकाला पिसांची नकली माशी बांधून ती पाण्यावर अलगद टाकायची. बुंधा एक आणि शेंडे दोन. ते आलटूनपालटून वापरले की कुठल्याच शेंड्याला बाक येत नाही. बाबांच्या माघारी मी आळसाने एकच शेंडा वापरत राहिलो आणि त्याला बाक आला. तो काढायला दिव्याच्या धगीवर धरला. दहा-बारा सेकंद पुरतात. नेमका तेव्हाच मी न्हाणीघरावरून बायकोशी वाद घालत होतो. सरसाचा वास आला तोवर उशीर झाला होता. आतून पट्ट्या सुटल्या होत्या, वरून मात्र शेंडा सुतासारखा सरळ दिसत होता. मी त्यावर वॉर्निशचा एक हात फिरवला आणि गप्प बसलो.

रविवारी नदीवर भावाने तोच शेंडा उचलला. वीतभर मासा लागला आणि शेंडा त्याच्या हातात केरसुणीसारखा पिंजारला. काठावर आठ-दहा जण होते. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाबांनी आयुष्यभर जपली आणि तू एका दिवसात मोडलीस. हात आहेत की सांडशी?"

त्याने काठी माझ्या हातात दिली आणि चालू लागला. तेव्हापासून सगळे त्याला मोड्या म्हणतात, पोरेटोरे मोड्याआजोबा. अठरा वर्षांत तो नदीवर फिरकलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर मी. याची मला लाज वाटते. नवा शेंडा मी त्याच वर्षी बनवला, पण त्याला दाखवायला तोंड नव्हते. मोड्या हे नाव मी या कलमान्वये परत घेतो. मी गेल्यावर हे त्याला वाचून दाखवावे.

कलम ४ ची दुरुस्ती. माझा मित्र घड्याळजी साक्षीदार म्हणून आला. तो न वाचता पावतीवरही सही करत नाही. चौथे कलम वाचून त्याने पेनाला टोपण लावले.

"मेल्यावर माफी मागणार? मग त्याने भांडायचं कुणाशी?"

"म्हणूनच तर मेल्यावर," मी म्हणालो.

"मग साक्षीदारही वरच शोध," म्हणाला आणि चालता झाला.

दोन दिवस मला जेवण गेले नाही. आज सकाळी घड्याळजी आणि भाऊ दोघांनाही बोलावले आणि कागद भावाच्या हातात दिला. त्याने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि मग खाली बसला.

"दादा, अठरा वर्षं मी चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतोय," तो म्हणाला. "नातवाला उचलून घ्यायला भितो मी."

मी रडलो. घड्याळजी तेवढा वेळ भिंतीवरचे घड्याळ बघत बसला, हे त्याचे उपकार.

मग भाऊ म्हणाला, "काठी कुठाय?"

"मृत्युपत्राने मिळेल ना तुला."

"तू मरायची वाट कोण बघत बसेल? आत्ता काढ."

दुसरा साक्षीदार अजून ठरला नव्हता. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले होते. भावाला मी काठी काढून दिली, आता त्याला या कागदातून काहीच मिळायचे नाही, म्हणून तोच झाला. सबब चौथे कलम रद्द. बाबांची काठी, दोन्ही शेंड्यांसह, यापुढे माझ्या मालमत्तेत नाही. अक्षर वाकडे आले आहे, कारण तो काठी घेऊन खाली उतरू लागला आणि मला त्याच्यामागून यावे लागले.

स्थळ: आमच्या घराचा जिना, दुसरा टप्पा.
दिनांक: १४, रविवार, सकाळचे साडेआठ.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: घड्याळजी. सर्व वाचून सही केली.

साक्षीदार २: लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. माफीचं अजून ठरलेलं नाही, ते नदीवर बघू.