कातळावरचा बॉल

९ जानेवारी, गुरु.
हरलो. बास्केटबॉलची विभागाची फायनल, तीही गुहागरशी. त्यात मी पाच फाऊल होऊन बाहेर. पाचवा फाऊल नव्हताच! रेफ्रीला चष्मा लावा कुणीतरी. डोक्यावर टॉवेल घेऊन बेंचवर बसले, बघायचंच नाही म्हणून. मग त्यांची कॅप्टन रसिका आमच्या दोन मुलींच्या मधून गेली. गेली म्हणजे... बॉल जमिनीला इतका लागून की हात घालायला जागाच नाही. टॉवेल कधी खाली पडला कळलं नाही. शेवटी तिनं न बघता मागे पास दिला आणि मी ओरडले, "अगं बाई!" आमच्या बेंचवरून! सरांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

१० जाने., शुक्र.
विभागाची 'वर्षातली सर्वोत्तम खेळाडू' यंदा रसिका नाहीतर मी, असं सर म्हणाले. जिला हे बक्षीस मिळतं तिला विद्यापीठ संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं येतं. ती एस.वाय.ला, तिला पुढचं वर्ष आहे. माझं हे शेवटचं. मला हवंय. हवंयच!

मत सगळ्या कॉलेजांच्या कॅप्टन देतात, म्हणजे आमच्याकडून मी, स्वतःच्या कॉलेजची सोडून कुणालाही. सर म्हणाले, "मुग्धा, तू चिपळूणच्या कॅप्टनचं नाव सांग. ती काही स्पर्धेत नाही. सगळ्या असंच करतात." करतातच. मागच्या वर्षी आमच्या तेव्हाच्या कॅप्टनताईनंही केलं होतं. मग मला कसली टोचणी लागलीय?

१२ जाने., रवि.
आईला सांगितलं, मालगुंडला मैत्रिणीकडे चाललेय. तशीच पुढे जयगड, फेरीबोटीनं खाडीपलीकडे, तिथून गुहागर. त्यांना शिकवतं कोण ते बघायचं होतं.

कुणी नाही! कॉलेजच्या मागे उघडा कातळ, त्यावर चुन्याच्या रेघा, लोखंडी पाइपाला रिंग. खड्डेच खड्डे. बॉल टाकला की कुठे उडेल नेम नाही. माझा सरळ काजूच्या झाडांत गेला. परत टाकला, परत काजूत. रसिका पोट धरून हसली.
"मुग्धाताई, हितं बॉलची वाट बघायची नाय. वर यायच्या आदीच गाठायचा."
आणि गाठला. दर वेळी. अनवाणी, बोलता बोलता, आईला ओरडून "येते गं!" सांगता सांगता. मी नुसती बघत राहिले. आमच्याकडे गुळगुळीत सिमेंट, वर पत्रा, आणि मी पाय घसरला म्हणून कुरकुरते.

तिच्या घरी कुळथाची पिठी आणि भात. तिची आई मला परत परत वाढत होती. बक्षिसाचा विषय कुणी काढला नाही.

१३ जाने., सोम.
प्रॅक्टिसला कोर्ट सोडून बाजूच्या कातळावर ड्रिबल केलं. गुडघा फुटला. मुली म्हणाल्या, कॅप्टनला लागलंय वेड. एकदा, एकदाच, बॉल वर यायच्या आधी हातात आला. काय वाटलं ते लिहिता येत नाही.

१५ जाने., बुध.
विभागाच्या सरांचा फोन. "बोल, कुणाचं नाव?"
चिपळूणचं नाव तोंडात तयार होतं. "रसिका," म्हटलं. "गुहागर."
आमच्या सरांना सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "वेडी आहेस का तू?" सर, तुम्ही तो कातळ बघितला नाही हो.
आई जेवताना म्हणाली, "मालगुंडला जाऊन आल्यापासून गप्प गप्प आहेस." नुसतं हूं म्हटलं.

१६ जाने., गुरु.
संध्याकाळी रसिकाचा फोन. "ताई, मी तुजं नाव दिलं हां. तू कोणाचं?"
"चिपळूणचं," म्हटलं. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर थँक्यू-थँक्यू करत बसली असती, आणि मी तिच्यावर काही उपकार केलेले नाहीत.
ती जराही थांबली नाही. "बरं केलंस. तुजं शेवटचं वर्ष. तुलाच मिळायला हवं."
फोन ठेवून मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले.
परवा निकाल. एका मतानं हुकलं तर ते मत माझंच असेल. बोलावणं तिला आलं तर जळफळाट होणार माझा, खूप होणार. पण विद्यापीठाकडून तिचा पहिला सामना बघायला मी जाणार आहे, पुढच्या रांगेत.