रेटोची भीती

लाउटरब्रुनन, १४ सप्टेंबर

प्रिय आग्नेसताई,

इथे सगळं ठीक आहे. गेस्टहाऊस भरलंय, आलुबुखाराचा मुरंबाही झाला. तुझा गुडघा कसा आहे? मठाच्या जिन्याला कठडा बसवला का?

आमचा रेटो अजून पॅराशूट बांधून कड्यावरून उड्या मारतो. वर जाऊन जो उडी न मारता पायवाटेने परत येतो, त्याला मी सूप फुकट देते, हे तुला ठाऊकच आहे. पूर्वी उन्हाळ्यात रेटो चार-पाचदा तरी ते प्यायचा. "आई, आज वारा वाईट होता," म्हणायचा. मित्र चिडवायचे, "हा सुपासाठीच घाबरतो." यंदा तो एकदाही चालत उतरला नाही.

मंगळवारी त्याचा मित्र उर्स कड्यावर आपटला. दोन्ही पाय मोडले. रेटो म्हणाला, "चूक त्याची होती. मी असतो तर निसटलो असतो."

"तुला भीती नाही वाटत?"

"आता नाही वाटत गं," तो मला धीर द्यायला हसून म्हणाला.

ताई, मठाच्या शाळेत आपण दोघी भीती जावी म्हणून प्रार्थना करायचो. रेटोसाठी मात्र ती परत यावी, एवढंच माग.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारी धाकटी,
रोझमारी