बर्गरबुवा आणि बदनापूरच्या विहीणबाई

तीर्थस्वरूप रामकिसन दाजी यांच्या चरणी मच्छिंद्रचा दंडवत. इकडं सगळे सुखरूप. चतुराअक्काचा खोकला कसा आहे ते कळवा. (हळद-दूध घेऊन राह्यली का? घेणार न्हाई, मी बहीण ओळखतो.)

बेबीनंदाची सोयरीक शाबूत आहे, हे आधी सांगतो, मंग बाकीचं. गोपीकिशन सेठच्या बर्गरच्या दुकानाच्या दारात जो जोकर उभा असतो, तो बर्गरबुवा मीच, हे घरच्यांनाच ठाऊक. ही विद्या मला कुणी शिकवली न्हाई. पांढरा रंग मी स्वतः झिंक पावडर खोबरेलात घोटून करतो (बाजारचा रंग घामानं उतरतो), आणि लाल नाक बरोबर मधोमध बसल्याबिगर दारात पाऊल टाकत न्हाई. पण बदनापूरच्या व्याह्यांना आपण ‘दुकानात असतो’ एवढंच सांगितलेलं. जोकराची पोरगी म्हणून लग्न मोडलं असतं, तर तिला तोंड कसं दाखवलं असतं?

रविवारी व्याही मंडळी लग्नाचं कापड बघायला जुन्या जालन्यात आल्ती, ती तिथून थेट आमच्या दुकानाच्या दारात. विहीणबाई झुंबरबाई समोर दिसल्या आणि मुलीच्या बापाची कंबर माझ्या हुकमात राह्यली न्हाई, दाजी. त्या वेशात, त्या फूटभर लांब बुटांत, मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तो आडवाच झालो. (आडवं होणं माझ्या कामात बसत न्हाई, मी ते हलकं समजतो.) सगळं दुकान हसून लोळलं. मी डोळे मिटून पडलेला, आता ओळखणार म्हणून. तर विहीणबाई व्याह्यांना म्हणतात, “बघा, ह्या सोंगाला केवढी रीत हाय. न्हाईतर आपले व्याही, मान बी नीट लववत न्हाईत.”

इतका अपमान होऊन इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. सेठनी मात्र तेव्हापासून दर गिऱ्हाइकाच्या पाया पडायचा हुकूम काढलाय.

लेकरांच्या डोक्यावरून माझा हात फिरवा.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. लग्नात मांडवाच्या दारात हाच बुवा पाहिजे, असं विहीणबाई सेठला सांगून गेल्या आणि सेठनी मला न विचारता कबूल केलं. मला तर नवरीचा बाप म्हणून फेटा बांधून मांडवात उभं राहणं भाग आहे.

पुन्हा ता. क. बुवाचा पोशाख तुमच्या पोटाच्या मापानं उसवून ठेवलाय. आठवडाभर आधी या. जावई म्हणून रुसायचं असेल तर ते हळदीच्या दिवशी उरकून घ्या. जावयाला कुणापुढं वाकायची सवय नसते हे मी जाणतो, म्हणून पहिले दोन दिवस नुसतं वाकणंच शिकवीन.