जावयाची तहान

नाना, तुमच्या जावयाचा मला अजून हेवा वाटतो. म्हणजे माझ्याच नवऱ्याचा. पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईने असं लिहावं हे हसण्यासारखंच आहे. पण आज सकाळी पेट्रोल पुन्हा महाग झालं आणि हे फाटकाशी उभे राहून शेजाऱ्याला सांगत होते, "सरकारने सरळ टॅक्स कमी करावा, दुसरं काय." मी आत मेथी निवडत होते. नेमकं याच्या उलट बोलून या माणसाने एकदा तुमचं मन जिंकलं होतं, ते त्याच्या गावीही नाही. मला शब्द न् शब्द पाठ आहे, कारण ते शब्द माझे होते.

अरबांनी तेल महाग केलं त्यानंतरचा तो उन्हाळा. चोपड्याहून केळी वाहणारे तुमचे दोन्ही ट्रक डिझेलसाठी पंपावर रांगेत उभे असायचे, आणि मी धुळ्याला नव्या संसारात रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या दुकानापुढे. रांगेत उभं राहिलं की डोकं रिकामं राहत नाही. बी. ए. ला अर्थशास्त्र होतं माझं, तुम्हीच जळगावला ठेवून शिकवलंत. स्थळं पाहताना तुम्ही 'पोरगी बी. ए. शे' असं चारचौघांत सांगायचात. त्याआधी कितीतरी वर्षं मी तुम्हाला रोज पेपर वाचून दाखवत असे. एखादी बातमी वाचून मी जरा थांबले, की तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणायचात, "पुढे वाच." मी मुद्दाम थांबत असे नाना. तुम्ही माझं मत विचाराल म्हणून थांबत असे.

आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, तशी मीही आले, आणि सण झाल्यावर मला न्यायला हे आले. त्यांच्यासाठी आईने मांडे करायला घेतले. चुलीवर पालथं खापर, धुराने डोळे चुरचुरताहेत, आणि मी दोन्ही हातांवर मांडा झुलवत मोठा करते आहे. स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवर उघडते. तुम्ही बोलताय. "सरकारनी टॅक्स कमी करा पाहिजे. बठ्ठं सरळ व्हई जाई." हे म्हणतात, "खरं आहे." तुम्ही आणखी काही म्हणता, हे म्हणतात, "बरोबर." माझा नवरा तुमच्यापुढे नंदीबैलासारखी मान हलवत होता आणि मला इकडे लाज वाटत होती. पण जावई समोर असताना लेकीने बापाशी बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत.

जेवायला वाढताना मी यांना हळूच म्हटलं, "हो हो काय करताय? नानांना विचारा, टॅक्स कमी झाला तर तुम्ही केळीवाल्यांचं भाडं कमी कराल का?"

दुसऱ्या दिवशीही मांड्यांचाच बेत होता, आणि यांनी ते विचारलं. अडकित्ता थांबला. मी खिडकीआड श्वास धरून उभी. मग तुम्ही मोठ्याने हसलात. "नही करनार. कशाले करू? मी काय येडा शे का? तो पैसा मना खिसामा जाई." असा खरेपणा तुमच्यात होता, म्हणून तर तुम्ही मला इतके आवडायचात. हे पुढे म्हणाले (तेही माझंच), की सरकारची तूट कुठून तरी भरून निघणारच. ती साखरेवर बसेल, काडेपेटीवर बसेल. म्हणजे ज्याच्या दारात ट्रक नाही त्याने तुमच्या ट्रकचं डिझेल भरायचं.

तुम्ही सावरून बसलात. "मंग मळामा इंजिन बंद पडी, केळी वाळी जाई, ते चाली का?"

 उत्तर माझ्याकडे होतं. मी पदर तोंडात धरून खिडकीशी तळमळते आहे, खापरावरचा मांडा करपतो आहे, आई ओरडते आहे. आणि हे उठले आणि पाणी प्यायला आत आले. मी तांब्या देता देता सांगितलं. ट्रकवाला वाढलेलं डिझेल भाड्यात घालतो, मळेवाल्याला ते कुठे घालता येतं? केळीचा भाव दिल्लीचा व्यापारी ठरवतो. म्हणून सवलत द्यायची तर विहिरीवरच्या इंजिनाला द्या, सगळ्यांना नको. हे ओठ पुसत बाहेर गेले आणि तसंच बोलले. त्या दुपारी ते कितीदा तरी पाणी प्यायला उठले. आई म्हणाली, "जावईले आज भलती तहान लागी राहिनी." उन्हाळाच तो, कुणाला काही वाटलं नाही.

संध्याकाळी तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. "माले हो ले हो म्हणनारा बठ्ठा शेतस. नही म्हणनारा तुम्हीच एक भेटनात." आणि तिथेच त्यांना सांगितलंत, की कारकुनी सोडा, माझ्याजवळ ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसा, माझ्यामागे ते सगळं तुम्हीच बघायचं. मला भाऊ नाही. ती खुर्ची कधीतरी आपल्याला मिळेल असं मी पेपर वाचायच्या वयापासून धरून चालले होते. हे वेड्यासारखं होतं, पण धरून चालले होते.

मग आम्ही चोपड्यालाच राहायला आलो. तुम्ही असेपर्यंत रोज सकाळी तुमचा दोघांचा वाद रंगायचा आणि मी ऑफिसात चहा पाठवायची. वर्षभरात यांना वाद घालता येऊ लागला, तहान लागेनाशी झाली. तुम्ही यांना "तुम्हले काही समजत नही" असं म्हणायचात, तेव्हा माझ्या जिवाची आग व्हायची. मला तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत. मला नेहमी शहाणी पोर म्हणालात आणि पुढे बोलायचं थांबलात.

हे मी कुणाला दाखवणार नाही. यांना तर नाहीच, ते मनाला लावून घेतील. आज मेथी निवडताना मात्र एक गोष्ट मनात आली आणि दिवसभर जात नाही. त्या दुपारी तुम्ही रीतभात बाजूला ठेवून मला ओसरीवर बोलावलं असतंत, समोर बसवून विचारलं असतंत, की पोरी, टॅक्स कमी करावा का, तर तुमच्या तोंडाकडे बघून मी 'करावा' असंच म्हटलं असतं.