उसवलेली पँट आणि उजवी बाजू

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, पोटातून वायर बाहेर आल्यापासून वाकायची चोरी झाली आहे). तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? दाजींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही इकडे ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द मी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला, त्यावरून काय ते समज. पण घाबरू नकोस. घाबरायचं काम मी पूर्ण वेळ करतोच आहे.

दीड वर्षापूर्वी माझ्या हृदयाच्या डाव्या बाजूला पंप बसवला, ते तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून मी दिवसा दोन बॅटऱ्यांवर चालतो आणि झोपताना भिंतीला जोडलेला असतो. हा पंप रक्त सलग ढकलत राहतो, ठोके असे देत नाही, त्यामुळे माझी नाडी काही हाताला लागत नाही. मध्यंतरी दाताच्या दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईंनी माझं एक मनगट धरलं, मग दुसरं धरलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, “बाई, मी आहे अजून. दाढ दुखतेय.” शेवटी त्यांनाच खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं आणि माझी दाढ तशीच राहिली.

तर झालं असं, की महिन्याभरापूर्वी माझी पँट कमरेत घट्ट होऊ लागली. आता दुसऱ्या कुणाची पँट घट्ट झाली तर तो डॉक्टरकडे जाईल, निदान जेवण कमी करील. मी पडलो शिंपी. मी शिवण उसवली, अर्धा इंच सोडला आणि कामाला लागलो. आठ दिवसांनी आणखी अर्धा इंच. मग पाऊण. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायची मला सक्त ताकीद आहे. ते मी लिहीतही होतो, पण काटा पुढे गेला की बॅटऱ्या धरून केलं असेल, अंगावर जाड सदरा असेल, असं काहीतरी कारण समोर लिहायचो. (एकदा ‘केस वाढले आहेत’ असंही लिहिलं आहे. माझे केस तू पाहिलेच आहेस.) खरं सांगू का, मला कळत होतं. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तराचीच मला धास्ती.

शिवणीत ठेवलेली जादा कापडाची सगळी माया संपली, त्याच आठवड्यात एक गणिताच्या मास्तरीणबाई कोटाचं माप द्यायला आल्या. मी खांद्याला टेप लावतो न लावतो तोच कमरेला लावलेला पंपाचा डबा ठणाणा करू लागला. “फोन घ्या ना तुमचा,” त्या म्हणाल्या. मी डब्याकडे पाहिलं, तर रक्ताचा प्रवाह कमी. माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि मी कापड बेतायच्या टेबलावर, त्यांच्याच कोटाच्या कापडावर बसलो. ही आत काज करत होती, ती धावत आली. तिने आधी डबा पाहिला, मग माझा मोजा खाली करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. मग तिने माझी पँट मागून उलटी करून पाहिली (मास्तरीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, फार सज्जन बाई). तीन वेळा सोडलेली शिवण, तीन रंगांच्या दोऱ्यांत. मशीनवर असेल तो दोरा मी वापरला होता.

“हे कधीपासून?”

“कापड आटलं असेल,” मी म्हटलं. त्यावर ती इस्पितळाची पिशवी भरू लागली. ती वाद न घालता पिशवी भरते तेव्हा मला पंपापेक्षा जास्त भीती वाटते.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी वही वाचली, केसांपाशी जरा थांबल्या आणि मग समजावून सांगितलं. पंप आहे डाव्या बाजूला. तो जेवढं रक्त पुढे पाठवतो, तेवढं सगळं अंगातून फिरून उजव्या बाजूकडे येतं, आणि ते फुफ्फुसांत ढकलायचं काम त्या बिचारीला एकटीला करावं लागतं. ती थकली, की रक्त मागे तुंबतं, पाय नि पोट फुगतं. आणि पुढे डाव्या बाजूला रक्तच पुरेसं पोचत नाही, म्हणून डबा ओरडतो. मी लगेच सुचवलं, पंपाचा वेग वाढवा. त्या म्हणाल्या, “वाढवायचा नाही, कमी करायचाय. रक्त फार जोरात ओढलं तर हृदयाच्या मधली भिंत डावीकडे ओढली जाते आणि उजवीची आणखी पंचाईत होते.” ताई, दीड वर्ष मी डाव्या बाजूचे लाड केले, आणि उजवी म्हणून कुणी आहे याची मी दखलही घेतली नाही.

सहा दिवस ठेवून घेतलं. लघवीच्या औषधाने पाच किलो पाणी गेलं. बॅटऱ्या सांभाळत दर वीस मिनिटांनी धावायचं म्हणजे काय, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. हृदयाची सोनोग्राफी करणारे गृहस्थ अर्धा तास छातीवर यंत्र फिरवत होते आणि त्यांची भुवई सारखी वर जात होती. प्रत्येक भुवईगणिक मी मनात निरवानिरव केली. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाले, “नवा बूट चावतोय हो.” त्याने बरं वाटायला हवं होतं, पण मग वाटलं, बूट चावत होता तर यांनी माझ्या हृदयाकडे नीट पाहिलं का?

आता घरी आलो आहे. वजन जसं भरेल तसंच लिहितो, समोर कारण लिहीत नाही. दम कमी लागतो. दाजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : एक सांगायचं राहिलं. गुरुवारी मानेतल्या शिरेतून नळी घालून उजव्या बाजूतला दाब मोजणार आहेत. बरा निघाला तर गोळ्यांवर भागेल. नाही तर औषधाचं सलाईन घरी रात्रंदिवस, आणि पुढचं पुढे.

ता. क. २ : माझं काही नाही, मी निवांत आहे. पण ही बाहेर एकटी बसेल आणि फार घाबरेल. तिच्या सोबतीला आलीस तर बरं होईल. मी सांगितलं म्हणून नको सांगूस.

वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. मला सोबत नको, मी दाराशी उभी राहीन. पण आत नेण्याआधी तासभर बसवून ठेवतात, आणि माझ्यासमोर हे शूर होऊन बसतात; त्यानेच जास्त दम लागतो. तुमच्यासमोर त्यांना रडता येईल. बुधवारच्या दुपारच्या गाडीचं तिकीट काढून सोबत ठेवलं आहे. खिडकीची जागा आहे.