वास पहाटेच का येतो

७ डिसें., रवि.

फळा धुतला. मागच्या रविवारचा प्रश्न निकालात निघाला: नळावर दोन रांगा असल्या की शेजारचीच रांग पुढे का सरकते? उत्तर: निम्म्या वेळा आपलीच सरकते, पण तेव्हा शेजारी बघतो कोण.

चाळ पाडली तेव्हा बिल्डरची माणसं हा फळा डेब्रिजमध्ये टाकत होती. मी आणि सोनवणेने उचलून आणला. आता चाळीच्या जागी झालेल्या टॉवरच्या गेटला टेकवलेला असतो. नियम चाळीतलेच. चुकीचं उत्तर ज्याने लिहिलं त्यानेच येऊन पुसायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि प्रश्न ज्याचा, पुसायचा हक्क त्याचा.

या खेपेचा प्रश्न सोनवणेचा. शेजारी राहतो, भिंतीला भिंत. सकाळी नाकाला रुमाल लावून दारात. "गावड्या, हा कचऱ्याच्या डम्पिंगचा वास पहाटेच का येतो रे? दुपारी काय डबा खायला जातो?"

हसलो दोघं. मग लिहिलाच फळ्यावर.

बायकोला, मालूला, पहाटे पुन्हा खोकल्याची उबळ. अर्धा तास पाठ चोळली. म्हणाली, "प्रश्न कसले लिहिताय, खिडकी लावा आधी."

८ डिसें., सोम.

उत्तरं आली. "कचरा पहाटे उलथतात." "दुपारीही येतो, तुमची नाकं झोपलेली असतात." एकाने फोनमध्ये बघून इंग्रजी शब्द लिहिला, भला मोठा. गाठून विचारलं, म्हणजे काय? "माहीत नाही काका, पण बरोबर आहे."

हे बरं आहे. उत्तर खिशात, डोकं रिकामं.

आणि तळाला, ठसठशीत अक्षरात: "वास येतच नाही. उगाच बदनामी करू नये." ही वरच्या मजल्यावरची माणसं. आम्ही चाळवाले सातव्यापर्यंत, त्यावर फ्लॅट विकत घेतलेले. लिफ्टही वेगळी. आता नाकंही वेगळी निघाली.

संताप आला. माझी बायको रात्रभर खोकते ती काय हौस म्हणून?

१० डिसें., बुध.

उदबत्तीचा प्रयोग. पहाटे गॅलरीत एक लावली. धूर वर जाईना. रेंगाळला, आणि आळसावलेल्या पाहुण्यासारखा घरात आला. दुपारी दुसरी लावली. धूर तडक खाडीकडे, डम्पिंगच्या दिशेने.

मालू: "देवाक कधी लावली नाय ती आता वाऱ्याक लावतत."

रद्दीतून आणलेलं भूगोलाचं पुस्तक काढलं. सातवीनंतर शाळा सुटली, पण रद्दीवाल्याने मला कधी नापास केलं नाही. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्राकडून वारा येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. आमच्या एका अंगाला डम्पिंग, दुसऱ्या अंगाला दूर समुद्र. म्हणजे पहाटेचा वारा डम्पिंगवरून आमच्या घरातून जातो. पाठ केलं होतं लहानपणी, गुण पण मिळाले होते. तो वारा माझ्याच घरातून जाईल हे पुस्तकात नव्हतं.

पण मग वरच्यांना का येत नाही? खोटं बोलतात, दुसरं काय.

१३ डिसें., शनि.

वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेतली. सूर्य उगवायच्या आधी उदबत्ती घेऊन वर.

वास नाही. खरोखर नाही. नाक फेंदारून चारी कोपऱ्यांत फिरलो, कुत्र्यासारखा.

खाली पाहिलं. धुरकट थर, दुधावर साय धरावी तसा सपाट. आठव्या-नवव्या मजल्यापाशी संपलेला. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, वर उबदार हवा बसते झाकणासारखी. वास त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन तापलं की झाकण उडतं. त्या फोनवाल्याचा इंग्रजी शब्द हाच असावा.

म्हणजे कुणीच खोटं बोलत नव्हतं. आम्ही सायीखाली राहतो, ते सायीवर.

आनंद झाला आधी. खरंच सांगतो, या वयात पोराबाळासारखा जिना उतरलो. तिसऱ्या मजल्याशी मालूचा खोकला ऐकू आला आणि आनंद जिन्यातच बसला.

१४ डिसें., रवि.

उत्तर फळ्यावर लिहिलं, चित्रासकट. खाडी, डम्पिंग, वारा, झाकण, इमारत. वरच्यांनी लिहिलेलं "वास येतच नाही" त्यालाही "त्यांच्यापुरतं खरं" म्हणून खूण केली. मला वाटलं वरचे खूश होतील.

गर्दी झाली. सोनवणे भाषण करायला लागला, "बघा, बघा, आमचा गावड्या!" प्रश्न मात्र पुसेना. म्हणाला, "राहू दे रे आठवडाभर. लोक वाचतील."

वाचलं लोकांनी.

१५ डिसें., सोम.

सेक्रेटरी घरी आले. अठराव्यावरचे. पेढे आणले होते, तेव्हाच समजायला हवं होतं. "काका, सायन्स चांगलंय. पण चित्रात बिल्डिंगचं नाव कशाला? फ्लॅटचे रेट पडतात." मागे चंद्र आपल्याबरोबर का चालतो असं लिहिलं होतं तेव्हा याच माणसाने फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. चंद्रावरचं विचारलं की टाळ्या. नाकाखालचं विचारलं की पेढे.

नाव पुसलं. चित्र ठेवलं.

संध्याकाळी महेशने (आमचा मुलगा) वेगळंच काढलं. डॉक्टर म्हणालेत, आईला हवा बदला. सदरा बदलावा तसं. "बाबा, मी हे घर विकायला काढलंय. बदलापूरपलीकडे घेऊ. आईला श्वास तरी घेता येईल."

पोरगा खोटं सांगत नव्हता. डोळे भरले होते त्याचे. मी हो म्हटलं.

मग म्हणाला, "तेवढा फळा पुसा, बाबा."

मी म्हटलं, प्रश्न सोनवणेचा आहे.

१७ डिसें., बुध.

आज एक गोष्ट कळली ती लिहू की नको.

खाली एजंट उभा होता, फोनवर: "नाही साहेब, सकाळी नको. सोसायटीत पाण्याची वेळ असते, गडबड. दुपारी एकला या. मस्त हवा खेळते." फोन ठेवून माझ्याकडे बघून हसला. "काका, तुमच्या चित्राने फार मदत झाली. आधी कळायचंच नाही, कधी वास, कधी नाही. आता सगळी गिऱ्हाइकं दुपारी."

फळा आम्ही वाचतो शहाणं व्हायला. त्यानेही वाचला, तोही शहाणा झाला. आमच्या चाळीतल्या एकालाही माझ्या शोधाचा काडीचा उपयोग नाही. उपयोग झाला तो याला.

मालूला सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलत राहिली.

१९ डिसें., शुक्र.

फळा कोरा.

धावत सोनवणेकडे. आधी वाटलं सेक्रेटरी. सोनवणे म्हणाला, "मी पुसला. माझा प्रश्न होता."

"का?"

"गावड्या, भिंत एक आहे आपली. वहिनींचा खोकला तुझ्याइतकाच मी ऐकतो. रविवारी गिऱ्हाईक येतंय ना? महेश आला होता माझ्याकडे. जा बाबा, सुटा तुम्ही तरी."

"आणि येणारा? त्याने काय करायचं?"

"ते त्याने नाकाने ठरवावं. मी काय सगळ्या जगाचं नाक आहे?"

भांडलो. चाळीपासूनची दोस्ती, असं कधी भांडलो नव्हतो. तो म्हणाला, तुला बायकोपेक्षा उत्तर प्यारं. मी काय म्हणालो ते लिहीत नाही.

सगळ्यात वाईट हे की नियमाने तो बरोबर आहे.

२१ डिसें., रवि.

गिऱ्हाईक आलं. दुपारी, अर्थातच. जोडपं, पंचविशी-तिशीतलं. गोवंडीत भाड्याने राहतात. कडेवर तान्हं बाळ. तिथल्या हवेला कंटाळून निघालेत! बाळाची छाती भरते सारखी, ती सांगत होती.

महेश हसून हसून घर दाखवत होता. गॅलरी, खाडी, पक्षी. त्याचं हसू मला बघवेना. चोर नाही तो. आईसाठी झालाय.

तिने एकदम मला विचारलं, "आजोबा, इथे डम्पिंगचा वास येतो का हो? खरं सांगा."

महेशने माझ्याकडे पाहिलं. एजंटने पाहिलं. जन्मभर लोकांना म्हणत आलो, विचारा, विचारायला लाजू नका. विचारलं एका पोरीने, आणि मी खाडीवरचे पक्षी मोजायला लागलो.

मालू आतून चहा घेऊन आली. कप ठेवला. बाळाचं पाऊल हातात धरून म्हणाली, "आता कशाला विचारतेस बाय? एकदा पहाटे या. उजाडायच्या आत. मी पोहे करते."

झालं. एजंट बिस्किटाकडे बघत बसला.

ते गेल्यावर महेश तिच्यावर ओरडला. "आई, तुझ्यासाठी करतोय मी हे सगळं!" ती म्हणाली, "माका ठावक आसा रे बाबा." आणि खोकायला लागली.

२३ डिसें., मंगळ.

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पहाटे वास जबर. महेश गॅलरीत उभा होता, हाताने वारा घातल्यासारखं करत. वास असा जातो का रे राजा.

सोनवणे समोरून गेला, बघितलं नाही. मीही नाही. गेटला कोरा फळा. कुणीतरी त्यावर "पार्किंग करू नये" लिहिलंय. चुकीचं उत्तर नाही ते, म्हणून कुणी पुसायचं ते कळेना.

२६ डिसें., शुक्र.

त्या मुलीचा फोन. उद्या पहाटे येतो म्हणाली, पोहे नक्की ना?

महेश जेवला नाही.

२७ डिसें., शनि.

पहाटे उठलो तर आभाळ भरून आलेलं. डिसेंबरात! उदबत्ती लावली. धूर सरळ वर.

वास नाही. नावाला नाही.

ढग असले की जमीन गोधडी पांघरल्यासारखी उबदार राहते, झाकण बसतच नाही. हे मला कळायला नको होतं. कळलं.

ती दोघं आली. ती गॅलरीत उभी राहिली, डोळे मिटून, लांब श्वास. बाळाचं तोंड पण बाहेर केलं. "छान आहे की हो हवा! लोक उगाच बोलतात." नवरा हसला. महेशच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं.

मालू पोहे वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आज तिला खोकलाही नव्हता. तिला ढगांचं काही माहीत नव्हतं. तिने आपलं काम केलं होतं, पहाटे बोलावून खरं सांगितलं होतं. उरलं ते माझं.

संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून ती दोघं निघाली. मी मागोमाग खाली. गेटशी दोघं रिक्षाची वाट बघत उभी. खिशात खडू होता, असतोच. "पार्किंग करू नये" बाहीने पुसलं आणि लिहायला लागलो: "आभाळ आलं की पहाटे वास का"

वरून महेशची हाक. "बाबा!" नुसती हाक, पुढे काही नाही. हात थांबला.

तिने वळून फळ्याकडे पाहिलं. वाचलं असेल. बाळ रडत होतं, नसेलही वाचलं. रिक्षा आली.

सोनवणे गॅलरीत होता. सगळं बघत होता. खाली आला, अर्ध्या प्रश्नापुढे उभा राहिला, म्हणाला, "कुणाचा म्हणायचा हा?" मी खडू खिशात टाकला. त्याने पुसला नाही, पुरा केला नाही.

आता दुपार. ऊन पडलंय, धूर खाडीकडे. मालू झोपलीय, शांत. महेश फोन मांडीवर घेऊन बसलाय, मी दारात. दोघंही तो वाजायची वाट बघतोय. एकाच उत्तराची बघतोय का, ते मला स्वतःला अजून विचारवत नाही.